आठ पांढऱ्या चकत्या

ह्यात स्मशान नाही, विहीर नाही, अमावस्याही नाही. ज्यांना तसलं काही हवं असेल त्यांची निराशा होईल.

ही गोष्ट संध्याकाळी साडेपाचची आहे. दिवे नुकतेच लागलेले, माणसं डबे आवरून घरी निघायच्या घाईत. आणि जागा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचं एक साधंसुधं ऑफिस.

पण घडलंय ते खरं.

माझ्या सख्ख्या नणंदेच्या बाबतीत घडलंय. ताईला खोटं बोलता येत नाही. सासरी त्यावरून तिची थट्टाही होते. तिच्या सासूबाई म्हणतात, "आमच्या सूनबाईला 'भाजी बरी झालीय' एवढंसुद्धा खोटं म्हणता येत नाही. तोंडावरच दिसतं!"

तर अशा बाईने मला हे सांगितलं. सांगताना तिने पिल्लाला, म्हणजे तिच्या बाळाला, मांडीवरून खाली ठेवलं नाही.

ताईचं ऑफिस नकाशे काढून देतं. इमारत उभी राहायच्या आधी तिचे नळ कुठून जाणार, वायरी कुठून जाणार, ते कागदावर काढावं लागतं. एका वेळी तीन-तीन कामं चाललेली. तेव्हा एक इस्पितळ होतं, एक शाळा होती आणि एक पाण्याची भली मोठी टाकी होती. तिन्ही कामांचे तीन प्रमुख. त्यांची नावं कुणी घ्यायचं नाही. इस्पितळवाले, शाळेच्या बाई आणि टाकीवाले.

नकाशे काढणारी माणसं मात्र तीच. तीच दहा-बारा डोकी तिघांत वाटून घ्यायची.

ती वाटणी म्हणजे ताईचं काम. कुणाच्या डोक्यावर किती ओझं आहे, कोण मोकळं आहे, कुणाला आणखी दिलं तर तो कोलमडेल... हे बघायचं.

त्यासाठी भिंतीवर एक लाकडी फळा होता. प्रत्येकाच्या नावाची पट्टी आणि पट्टीपुढे आठ खिळे. आठ खिळे म्हणजे दिवसाचे आठ तास. खिळ्याला प्लास्टिकची चकती अडकवायची. हिरवी इस्पितळाची, पिवळी शाळेची, निळी टाकीची.

आणि पांढरी म्हणजे मोकळा तास.

हे सगळं कॉम्प्युटरवर का नाही, असं मीही विचारलं होतं. तर म्हणे साहेबांचा हट्ट. "कॉम्प्युटरमध्ये माणूस लपतो. भिंतीवर लपत नाही."

रोज संध्याकाळी साडेपाचला ताई फळ्यापाशी उभी राहून मोठ्याने विचारायची, "उद्या कुणाकडे किती?"

मग टेबलाटेबलावरून आवाज यायचे. "माझ्याकडे एक." "माझ्याकडे काही नाही, बघूसुद्धा नका माझ्याकडे." "ताई, मी उद्या मेलोय असं समजा."

आणि खिडकीपाशी बसणारा एक जण शेवटी, हळूच, जणू माफी मागितल्यासारखा म्हणायचा,

"आहेत दोन तास."

त्याला सगळे होदादा म्हणायचे. त्याने कधी कुणाला नाही म्हटलंच नव्हतं. चाळिशीचा, सडपातळ, लग्न न झालेला, म्हातारी आई घरी. टेबलावर कायम चहाचा कप आणि कपावर पालथी घातलेली बशी. हातातलं काम संपवून पिऊ म्हणायचा. काम संपायचं नाही, चहावर साय धरायची. कुणीतरी तो बेसिनमध्ये ओतायचं.

ताई बाळंतपणाच्या रजेवर गेली. मोठी रजा.

मागे काय झालं, तर तिन्ही प्रमुखांनी आपापला वेगळा फळा केला. एकाच फळ्यापाशी रोज भांडायचं कुणी! तिन्ही फळ्यांवर होदादाची पट्टी. इस्पितळाच्या फळ्यावर पाच हिरव्या आणि तीन पांढऱ्या. शाळेच्या फळ्यावर पाच पिवळ्या आणि तीन पांढऱ्या. टाकीच्या फळ्यावर पाच निळ्या...

आणि तीन पांढऱ्या.

तिघांनाही वाटत होतं, गड्याकडे अजून तीन तास शिल्लक आहेत. मग अधूनमधून तेही घ्यायचे.

एका सकाळी झाडणाऱ्या मावशींनी त्याला हाक मारली. टेबलावर डोकं ठेवून झोपला होता. दिवा चालूच होता. मावशींनी खांद्याला हात लावला, आणि...

कपावर बशी तशीच होती.

ताई घरी पिल्लाला पाजत असताना तिला फोन आला. सहा आठवड्यांचं होतं ते. ती भेटायला गेली होदादाच्या आईला. त्या बाई रडत नव्हत्या. एवढंच म्हणाल्या,

"मेल्यावर तरी घरी येईल वाटलं होतं. बाकीच्यांची माणसं स्वप्नात येतात म्हणे. माझा तिथेसुद्धा नाही आला."

रजा संपायच्या आधीच साहेबांनी ताईला बोलावून घेतलं. पिल्लू सहा महिन्यांचं. नवरा छापखान्यात पाळीवर, कधी दिवसा कधी रात्री. सासूबाईंचा गुडघा धरलेला. पण त्याच म्हणाल्या, "जा तू. एक पोर सांभाळायला काय फौज लागते?"

ताईने पहिल्याच दिवशी तीन फळे उतरवले आणि जुना एकच लावला. सगळ्यांच्या पट्ट्या अडकवल्या. होदादाची पट्टी हातात राहिली.

फेकवेना.

तिनेही ती लावली, शेवटच्या ओळीत. खिळे रिकामे बरे दिसेनात म्हणून पुढे चकत्या अडकवल्या.

आठही पांढऱ्या.

सगळ्या फळ्यावर हिरवं, पिवळं, निळं नुसतं खच्चून भरलेलं. आणि खाली ती एक पांढरी ओळ. अख्ख्या ऑफिसात सगळ्यात मोकळा माणूस कोण, तर तो.

ताईचे ते दिवस कसे होते हे मला वेगळं सांगायला नको, आणि जिच्या घरी तान्हं आहे तिलाही नको. रात्री चार वेळा उठायचं. सकाळी सातला बाहेर. ऑफिसच्या जिन्यातच डोळे मिटायचे. एकदा ती शाळेच्या बाईंशी बोलता बोलता खांद्यावर हात थोपटत होती. पिल्लू खांद्यावर नव्हतंच.

अशात एक संध्याकाळ आली.

टाकीवाल्यांना दुसऱ्या दिवशी एक नकाशा हवाच होता. दोन तासांचं काम. ताईने विचारलं, "उद्या कुणाकडे किती?"

कुणीच बोललं नाही.

"दोन तास हो. कुणीतरी."

"ताई, माझ्या घरचे मला विसरलेत," कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

साहेब दारात येऊन उभे राहिले. "फळा पूर्ण होईपर्यंत कुणी जायचं नाही."

तेवढ्यात फोन. सासूबाई. "अगं, पिल्लाचं अंग तापलंय. तू निघालीस का?"

ताईने दोन निळ्या चकत्या हातात धरल्या होत्या. वरपासून खालपर्यंत फळा बघितला. एकही खिळा मोकळा नाही. शेवटी नजर खालच्या ओळीवर गेली. तिने ठरवलं, आत्ता इथे अडकवू, साहेबांचं समाधान होईल, आणि उद्या पहाटे लवकर येऊन आपणच काढू नकाशा.

दोन पांढऱ्या काढल्या. दोन निळ्या लावल्या.

टिक. टिक.

साहेबांनी लांबून रंग बघितले, नाव नाही बघितलं. "झालं? निघा."

ताई पर्स उचलून जिन्याकडे धावली. आणि मागून, खिडकीच्या बाजूने, माफी मागितल्यासारखा...

"आहेत."

ती थबकली. वळली नाही. थकव्याने कान वाजतात, हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पिल्लाचा ताप उतरला, पण लवकर जाणं काही झालं नाही. ती पोचली तेव्हा टाकीवाले हसत समोर आले. "ताई, कमाल केलीत! कधी केलंत हे?"

नकाशा खिडकीच्या टेबलावर होता.

त्या टेबलावरचा कॉम्प्युटर केव्हाच काढून दुसऱ्याला दिला होता. नकाशा पेन्सिलीने काढलेला होता. हाताने. एकेक रेघ ओढून.

तपासणीचे काका सगळे नकाशे तपासायचे, तीस वर्षं तेच काम. त्यांनी भिंग लावून तो पाहिला. मग भिंग खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं.

"काका, चुकलंय का काही?"

"बरोबर आहे," काका म्हणाले. "बाकी मला काही विचारू नकोस."

ताई त्या टेबलापाशी गेली. तिथे एक कप होता...

कपावर बशी.

तिने बशी उचलली. गार चहा. वर साय.

इथे तुम्ही म्हणाल, बाईने त्याच दिवशी राजीनामा द्यायला हवा होता. मीही म्हणाले. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "तू कधी इतकी दमलीस का गं, की मदतीला कोण आलं ते विचारायची ताकदच उरली नाही?"



तिने पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन चकत्या लावल्या. ह्या वेळी नाव बघून.

मग तीन.

काम होत होतं. सकाळी खिडकीच्या टेबलावर कागद असायचा, पेन्सिलीच्या सुबक रेघांचा. ताईने विचारायचं नाही, काकांनी सांगायचं नाही, असं ठरूनच गेलं. ती सहाला घरी पोचायला लागली. पिल्लाला उजेडात बघायला मिळायला लागलं. साहेब म्हणाले, "ताई आल्या आणि गाडी रुळावर आली."

कप मात्र ती रोज स्वतः धुवायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

मग तो रविवार आला.

दिवेलागणीची वेळ. नवरा पाळीवर. पिल्लाला दात येत होते, आणि दात येणाऱ्या पोराचं रडणं म्हणजे डोक्यात खिळा ठोकल्यासारखं. ताई स्वयंपाकघरात. गॅसवर दूध उतू जाण्याच्या बेतात, एका हाताला पीठ. आतल्या खोलीत पाळण्यात पिल्लू किंचाळतंय.

आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं. फळ्यापाशी म्हणायची तसं. मोठ्याने.

"अरे, कुणाकडे आहे का अर्धा तास?"

रडणं थांबलं.

एकदम. मध्येच. कुणीतरी उचलून घेतल्यासारखं.

मग पाळण्याच्या कड्या वाजायला लागल्या. कर्र... कर्र... सावकाश.

तिला हायसं वाटलं. सासूबाई उठल्या वाटतं. तिने दूध उतरवलं. हात धुतले. निवांत. कितीतरी दिवसांनी निवांत.

तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं.

सासूबाई गुडघा धरत आत आल्या. "समोरच्यांकडे बसले होते जरा. काय गं, अशी काय बघतेस?"

कर्र... कर्र...

ताई आतल्या खोलीकडे धावली. पाळणा हलत होता. पिल्लू जागं होतं. शांत. पाळण्याच्या वर, माणसाचं तोंड जिथे असेल तिथे बघत होतं.

आणि हसत होतं.

पायाशी त्याचं दुपटं घडी घालून ठेवलेलं. नकाशाची घालतात तशी घडी, एक कोपरा बाहेर ठेवून.

खिडकीच्या कट्ट्यावर कप होता...

तिने बशी उचलून बघितली नाही.

"झोपलं का?" सासूबाईंनी बाहेरून विचारलं. "झोपतंच म्हणा ते हल्ली. गुणाचं झालंय."

त्या दिवसापासून ताईला पिल्लाची भीती वाटायला लागली. म्हणजे पिल्लाची नाही. कसं सांगू... ती घरी आली की आधी झेप घ्यायचं, आता घेईना. मांडीवर घेतलं तर हिच्या खांद्यावरून मागे बघायचं. तिथे हात करायचं. हिने तोंड आपल्याकडे वळवलं तर थोडा वेळ हिच्याकडे बघायचं, पाहुण्यांकडे बघतात तसं. आणि पुन्हा मागे.

पाजायला घेतलं की त्याची पाठ गार लागायची. कुणाचा तरी गार हात नुकताच उचलल्यासारखी.

मी दोन तास मागितले, आणि माझ्या पोराने त्याला आपलं मानलं, ह्या विचाराने तिची झोप उडाली. आधीच कुठे होती!

शेवटी एके सकाळी ती ऑफिसात गेली ती थेट फळ्यापाशी. होदादाच्या ओळीतल्या सगळ्या चकत्या काढून टाकायच्या, पट्टी उतरवायची, संपवायचं.

तिने पहिल्या खिळ्याची निळी चकती काढली.

तिच्यामागे हिरवी होती.

हिरवीच्या मागे पिवळी.

दुसऱ्या खिळ्यालाही तसंच. तिसऱ्यालाही. एकावर एक, एकावर एक. वरून दिसत होत्या फक्त ताईच्या. मागच्या चकत्या तिने लावलेल्या नव्हत्या.

तिच्या ओंजळीत चकत्या मावेनात.

ती तशीच, ओंजळ भरलेली, सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली. आवाज चढला नाही तिचा. चढायला जोर लागतो.

"ह्या कुणी लावल्या?"

सगळ्यांनी कागदांत माना घातल्या. 

"इस्पितळाच्या कुणी लावल्या?"

इस्पितळवाल्यांनी खुर्चीत अंग चोरलं. "दोनच हो. रोजचे दोनच. पोरीची परीक्षा होती, लवकर जायचं होतं... मला वाटलं मलाच कळलंय."

"आणि पिवळ्या?"

शाळेच्या बाई रडायलाच लागल्या. "माझेही दोनच. देवाशपथ."

टाकीवाले भिंतीकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, बाकीचा वेळ मोकळाच असेल त्याचा."

हे वाक्य ऑफिसात एकदा बोलून झालं होतं. होदादाच्या मयताच्या दिवशी. हेच वाक्य. तिघांच्याही तोंडून.

तपासणीच्या काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मी रोज बघतोय गं. आधी रेघा सरळ यायच्या. आता हात थरथरतोय त्याचा."

साहेब आवाज ऐकून बाहेर आले होते. सगळं ऐकल्यावर म्हणाले, "हे बघा. जे काय आहे ते आहे. काम होतंय, तक्रार नाही, रजा नाही. असा माणूस मिळतो कुठे?"

"साहेब, माणूस मेलाय तो."

"तेच म्हणतोय. आता काय व्हायचं राहिलंय त्याला?"

"मेलेला पुन्हा मरत नाही," ताई म्हणाली. "मग तो थांबणार कधी?"



मग ताईने इस्पितळवाल्यांच्या हातात त्यांच्या हिरव्या दिल्या. बाईंच्या हातात पिवळ्या. टाकीवाल्यांच्या हातात निळ्या. आपल्या स्वतःच्या तेवढ्या टेबलावर मांडल्या. "ज्याचं त्याने करायचं. नाही झालं तर नाही झालं. तारीख पुढे जाऊ दे."

इस्पितळवाले म्हणाले, "तोंड कुणाला दाखवायचं?"

"त्याच्या आईला दाखवा," ताई म्हणाली. "नंतर बाकीच्यांना."

शेवटची चकती तिने काढली. पट्टी काढली. मग खिडकीकडे तोंड करून, सगळ्यांच्या देखत, लाज वाटून न घेता म्हणाली,

"होदादा, उद्या तुमच्याकडे एकही तास नाही. घरी जा."

थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग खिडकीपाशी... खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. फरशीवरून. हळू.

शाळेच्या बाईंनी ताईचा दंड धरला तो नखं रुतेपर्यंत.

नंतर आठवडाभर खिडकीच्या टेबलावर कागद आला नाही. कप आला नाही. तारखा पुढे गेल्या, बोलणी बसली, आभाळ काही कोसळलं नाही. ताईला वाटलं, सुटला.

सुट्टीच्या दिवशी ती पट्टी द्यायला त्याच्या आईकडे गेली. दार उघडंच होतं. म्हातारी समोरच बसलेली, दाराकडे तोंड करून.

"ये. बस. तो आला होता काल."

ताई बसता बसता थांबली. "आला?"

"दारापर्यंत. केवढा वाळलाय गं! मी म्हटलं, चपला काढ, चहा टाकते. तर म्हणाला, टाक तू आई, आलोच मी."

"मग?"

"मग काय. म्हणाला, एका ठिकाणचे दोन तास राहिलेत अजून. तेवढे करून येतो."

त्यांच्या शेजारी स्टुलावर चहाचा कप होता. त्यांनीच बशी झाकून ठेवली होती. गार होऊ नये म्हणून.

ताईने पट्टी तिथेच ठेवली आणि निघाली. एका ठिकाणचे! कुणाचे? ऑफिसला सुट्टी होती. फळ्यावर त्याचं नाव नव्हतं. रस्ताभर तिने एकेकाला फोन केला. इस्पितळवाल्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, मी नाही. बाई म्हणाल्या, मी नाही. टाकीवाले म्हणाले, "ताई, मी तर रात्री नीट झोपतही नाही, कामाचं काय घेऊन बसलात."

ती घराचा जिना चढली. भर दुपार. सगळी बिल्डिंग पेंगलेली.

दारातूनच ऐकू आलं...

कर्र... कर्र...

आत नवरा पाळी करून आलेला, पालथा झोपलेला. सासूबाई पलंगावर, गुडघ्याला फडकं गुंडाळून, डोळे मिटून. पाळणा आपला सावकाश हलतोय. दमलेला माणूस हलवतो तसा. मध्येच थांबून. पुन्हा.

"आई!" ताई ओरडली. "कोण हलवतंय पाळणा?"

सासूबाईंनी एक डोळा उघडला. "हळू! उठेल ना ते."

"आई, कोण आहे तिथे?"

"मला काय ठाऊक? मी विचारलं नाही."



सासूबाई उठून बसल्या. जरा ओशाळल्या. "अगं, तुझी ती टाकीची धावपळ चालली होती ना, तेव्हाची गोष्ट. दुपारी हे रडायचं, माझा गुडघा उचलायचा नाही. एकदा रडकुंडीला येऊन म्हटलं, अरे, बघा रे कुणीतरी ह्याला. तर हलायला लागला पाळणा. मी आधी घाबरले. चांगली घाबरले हो. मग... सवय झाली. त्रास काही नाही त्याचा. घराला हात लागतो."

"रोज?"

"दिवसभर राबवत नाही मी, तेवढं कळतं मला!" सासूबाई दुखावल्या. "दुपारचे दोन तास तेवढे. बाकीचा वेळ मोकळाच असेल की त्याचा."

ताईने हातातली पर्स खाली ठेवली. पाळण्यापाशी गेली. दोन्ही हातांनी कडा धरली. पाळणा थांबला नाही लगेच. जड लागला. पलीकडून कुणीतरी तेवढ्याच थकल्या हातांनी धरल्यासारखा. ती म्हणते, त्या क्षणी भीती नाही वाटली. दोन दमलेली माणसं एकच ओझं धरून उभी असतात ना, तसं वाटलं.

"होदादा," ती म्हणाली, "हे माझं काम आहे. माझं मी करीन. रडलं तर रडू दे त्याला. तुमची आई चहा झाकून बसलीय. जा आता."

पाळणा हातात हलका झाला.

पिल्लू जागं झालं आणि असं रडलं, असं रडलं, की बाप धडपडत उठून आला. ताई त्याला छातीशी घट्ट धरून खाली बसली.

आणि त्या रडण्यातूनही दोघींनी ऐकलं. जिन्यावर... पावलं. एकेक पायरी. खाली, खाली. घाई नसलेली.

बऱ्याच वेळाने सासूबाई म्हणाल्या, "गेला का गं?"

"हो."

"बिचारा. नाव तरी विचारायला हवं होतं."

तो घरी पोचला की नाही, ताईला माहीत नाही. त्याच्या आईकडे पुन्हा जायची तिची छाती झाली नाही. मधूनच मला विचारते, "पोचला असेल ना गं?" मी म्हणते, पोचला असेल. मला काय माहीत.

एवढंच मात्र झालंय की आमच्या दोन्ही घरांत "बघा रे कुणीतरी" असं कुणी म्हणत नाही. माझं पोर रडून रडून निळं झालं तरी मी नाव घेऊन हाक मारते. ज्याला मारायची त्याचंच.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

पिल्लू आता सव्वादोन वर्षांचं आहे. माझ्याहून दोन महिन्यांनी मोठं. म्हणजे माझ्या लेकीहून हो, लिहिताना हात गडबडतो माझा. तर माझी लेक. जेव म्हटलं तर नाही. झोप म्हटलं तर नाही. आंघोळीला नाही, कपड्यांना नाही. दिवसाला शंभर वेळा नाही. ह्या वयात सगळी तशीच असतात, डॉक्टर म्हणतात.

पिल्लू नाही म्हणत नाही.

खेळणं मागा, देतं. घास मागा, तोंडातला काढून देतं. परवा माझ्या लेकीने त्याच्या डोक्यावर ठोकळे रचले, एकावर एक. ते हललं नाही. मान अवघडली, डोळ्यांत पाणी आलं, तरी बसून राहिलं.

दूध दिलं की आधी आजीकडून बशी मागून घेतं. कपावर झाकतं.

"मग," म्हणतं.

ताई रोज संध्याकाळी ऑफिसातून येते आणि पर्सही खाली न ठेवता त्याला मांडीवर घेते. एकच शब्द शिकवते. महिने झाले.

काल मी समोर बसले होते.

"म्हण राजा," ताई म्हणाली, "नाही. म्हण बघू एकदा. नाही..."

पिल्लाने तिच्या खांद्यावरून मागे बघितलं. मग तिच्याकडे. हळूच, माफी मागितल्यासारखं...

"हो," म्हणालं.